जंगलाचा पैसा येतो कुठून, पोहोचतो कुठे?

भंडारा / प्रतिनिधी

वाघ वाचवा, जंगल वाचवा, असे आवाहन आता गावोगावच्या भिंतींवर रंगविलेले दिसते. मात्र जंगल राखण्यासाठी लागणारा पैसा नेमका कोणत्या खात्यातून येतो, तो कोणत्या कामावर खर्च होतो आणि कोणत्या जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, याची चर्चा क्वचितच होते. भंडारा जिल्ह्यापुरता हा हिशेब मांडून पाहिला, तर एक विसंगती ठळकपणे पुढे येते. निधी नकाशावरील रेषा पाहून येतो. वाघ, बिबट, रानगवा, सारस हे मात्र रेषा पाहून फिरत नाहीत. अभयारण्याच्या आत येणारा पैसा आणि अभयारण्याबाहेर असलेली गरज यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले आणि ते कमी कसे करता येईल, हे समजून घेणे आवश्यक झाले आहे.

जिल्ह्यातील वन्यजीवांची जमीन

पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हे दोन झाले तरी जंगल एकच राहिले. १९७० मध्ये घोषित झालेले नागझिरा अभयारण्य दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले नवेगाव गोंदिया जिल्ह्यात गेले. २०१२ मध्ये नवीन नागझिरा आणि नवेगाव अभयारण्य, तर २०१३ मध्ये भंडारा शहरापासून जवळच असलेले, जवळपास १०० चौरस किलोमीटरचे कोका अभयारण्य जाहीर झाले. ही पाच संरक्षित क्षेत्रे एकत्र करून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५४ चौरस किलोमीटर आहे. याशिवाय नागपूर आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत विभागलेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा पवनी तालुक्यातील भाग आपल्याच जिल्ह्यात येतो.

या संरक्षित क्षेत्रांना जोडणारी जंगले मात्र वेगवेगळ्या मालकांकडे आहेत. काही प्रादेशिक वन विभागाकडे, काही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाकडे, तर काही झुडपी जंगल म्हणून महसूल खात्याच्या नोंदीत आहेत. त्यांच्या मध्ये धानाची शेती, बोड्या आणि मालगुजारी तलाव आहेत. जमीन सार्वजनिक, पण खाते प्रत्येक तुकड्याचे निराळे, अशी ही स्थिती आहे. निधीचा गुंता येथूनच सुरू होतो.

पैशाचे चार मार्ग

सार्वजनिक जमिनीवरील वन्यजीव अधिवासासाठी आपल्याकडे प्रामुख्याने चार मार्गांनी पैसा येतो.

पहिला मार्ग केंद्र सरकारचा. १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प आणि २००८-०९ पासूनची वन्यजीव अधिवास एकात्मिक विकास योजना यांतून राज्यांना अर्थसाह्य मिळते. पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीसाठी या एकत्रित योजनेकरिता केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपयांची तरतूद मान्य केली होती. ही रक्कम साऱ्या देशासाठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका अभयारण्याच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना येते. योजनेतील खर्चाचे दोन भाग पडतात. इमारत, वाहन, टेहळणी मनोरा यांसारखा एकदाच करावयाचा खर्च हा अनावर्ती. मजुरी, गस्त, जाळरेषा, पाणवठ्यांची देखभाल यांसारखा दरवर्षी करावयाचा खर्च हा आवर्ती. व्याघ्र प्रकल्पात अनावर्ती खर्च पूर्वी केंद्र पूर्णपणे उचलत असे. पुढे केंद्राचा वाटा ६० टक्के करण्यात आला. आवर्ती खर्चात केंद्राचा वाटा निम्मा असतो. उरलेला भार राज्यावर पडतो.

दुसरा मार्ग राज्य सरकारचा. वन विभागाचे वेतन आणि नियमित कामे राज्याच्या अर्थसंकल्पातून होतात. जिल्हा वार्षिक योजनेतूनही मृद्संधारण, वनीकरण, वनपर्यटन अशा कामांना पैसा दिला जातो. तेथे शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे आणि रस्ते यांच्याशी जंगलाला स्पर्धा करावी लागते. २०१५ पासून राबविण्यात आलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस, कुंपण आदी सोयी देण्यात आल्या. सरपणासाठी जंगलात जाण्याची गरज कमी व्हावी, हा त्यामागील उद्देश.

तिसरा मार्ग पर्यटनाचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. प्रवेश शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता प्रतिष्ठानाकडे राहतो आणि तेथूनच जंगल व लगतच्या गावांवर खर्च होतो. ही व्यवस्था चांगली असली, तरी तिचा आधार पर्यटकांची गर्दी हा आहे. ताडोबाला जाणाऱ्या पर्यटकांच्या तुलनेत पिटेझरी किंवा कोका येथील फाटकांवर येणाऱ्यांची संख्या फारच कमी. ज्या जंगलात वाघ सहज दिसतो त्याला पैसा मिळतो, आणि ज्या जंगलात वाघ टिकावा म्हणून काम करण्याची अधिक गरज आहे त्याला कमी मिळतो, असा हा प्रकार आहे.

चौथा मार्ग ‘कॅम्पा’चा. आज वनक्षेत्रातील कामांसाठी सर्वाधिक चर्चेत असलेला आणि सर्वांत कमी समजलेला हाच मार्ग होय.

तोडीच्या मोबदल्याचा पैसा

१९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार रस्ता, धरण, खाण, वीजवाहिनी अशा कामांसाठी वनजमीन हवी असल्यास केंद्राची परवानगी लागते. परवानगी देताना संबंधित यंत्रणेकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल केले जाते. हे मूल्य म्हणजे केवळ लाकडाची किंमत नव्हे. जंगल देत असलेले पाणी, माती, हवा आणि वन्यजीव यांचा अंदाजे हिशेब त्यात धरलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार हा दर जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये ठरला. अभयारण्यातील जमिनीसाठी त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट आकारणी करावी, असेही ठरले. २०२२ मध्ये मूळ दर हेक्टरी सुमारे ९ लाख ५७ हजार ते १५ लाख ९५ हजार रुपये करण्यात आले.

हा पैसा अनेक वर्षे राज्यांच्या हाती आलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात २००२ मध्ये स्वतंत्र निधी उभारण्याचा आदेश दिला. २००६ पासून एका तात्पुरत्या समितीकडे रक्कम जमा होऊ लागली. २००९ मध्ये दरवर्षी सुमारे १,००० कोटी रुपये राज्यांना देण्यास न्यायालयाने अनुमती दिली. दरम्यान कामाचे चित्र कसे होते, हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१३ च्या अहवालातून उघड झाले. पर्यायी वनीकरणासाठी जेवढी वनेतर जमीन मिळावयास हवी होती, त्यापैकी केवळ २७ टक्के मिळाली होती, आणि प्रत्यक्ष वनीकरण तर अपेक्षित जमिनीच्या सुमारे ७ टक्क्यांवरच झाले होते. म्हणजे जंगल गेले, पैसा जमा झाला, पण जंगल परत आले नाही.

अखेर २०१६ मध्ये पर्यायी वनीकरण निधी कायदा संमत झाला. त्याचे नियम २०१८ मध्ये तयार झाले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम हस्तांतरित केली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३,८४४ कोटी रुपयांचा होता. निधीतील ९० टक्के रक्कम राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे अशी विभागणी आहे. नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन, परदेश दौरे, प्राणिसंग्रहालय वा सफारी यांवर हा पैसा खर्च करता येत नाही. निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेतील ८० टक्के भाग जंगल व वन्यजीव व्यवस्थापनाच्या कामांसाठी राखलेला आहे. नैसर्गिक पुनर्निर्मिती, वणवा नियंत्रण, अधिवास सुधारणा, गावांचे स्वेच्छा पुनर्वसन ही कामे त्यात बसतात.

कॅम्पामुळे वन विभागाला पूर्वी कधी न मिळालेला पैसा मिळाला, हे मान्य करावे लागेल. पण या निधीच्या मुळाशी असलेला विरोधाभास विसरता येत नाही. जेवढे जंगल तुटेल तेवढा निधी वाढेल, आणि जंगल तुटणे थांबले तर निधीही आटेल. जंगल राखण्याची नियमित सोय अशा अनियमित आणि नुकसानीवर उभ्या असलेल्या पैशावर सोपविणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

रोपे मोजता येतात, कुरण मोजता येत नाही

अधिवास सुधारणा म्हणजे झाडे लावणे, असा सर्वसाधारण समज आहे. निधीचे कागदही याच समजावर चालतात. हेक्टरी किती खड्डे, किती रोपे, किती जगली, याचा हिशेब सोपा असतो. मात्र चितळ, सांबर, रानगवा यांना प्रथम हवे असते ते गवत. गवत असेल तर तृणभक्षी वाढतात आणि तृणभक्षी वाढले तर वाघ थांबतो.

नवेगाव-नागझिरात वाघांची संख्या ताडोबाच्या मानाने कमी राहिली. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून वाघिणी आणण्याचा निर्णय झाला. २० मे २०२३ रोजी दोन वाघिणी नागझिराच्या जंगलात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणण्यात आली. वाघीण पिंजऱ्यातून बाहेर पडतानाचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध होते. पण तिने येथेच राहावे, यासाठी पुरेसे भक्ष्य आणि शांत कुरणे लागतात. ते काम छायाचित्रात दिसणारे नाही.

कुरण तयार करणे म्हणजे काय? रानतुळस, घाणेरी, गाजर गवत यांसारख्या उपद्रवी वनस्पती फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटाव्या लागतात. केवळ कापल्यास त्या पुन्हा फुटतात. एक वर्ष उपटून भागत नाही, कारण जमिनीत पडलेले बी पुढच्या पावसात उगवते. हे काम सलग तीन-चार वर्षे करावे लागते. स्थानिक पौष्टिक गवतांचे बी गोळा करून पेरावे लागते, आणि बी पक्व होण्यापूर्वी चराई होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. यात यंत्र कमी आणि मनुष्यबळ अधिक. लगतच्या गावांतील स्त्री-पुरुषांना पावसाळ्यानंतर मिळणारा हा हक्काचा रोजगार ठरू शकतो. परंतु एका वर्षी निधी मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तो थांबला, की पहिल्या वर्षाचा खर्च वाया जातो. थोडा पण सलग पैसा, ही या कामाची खरी गरज. शासकीय व्यवस्था मात्र मोठा पण खंडित पैसा देण्यास सरावलेली आहे.

वणव्याचा हंगाम आणि मार्चअखेर

आवर्ती खर्चाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ८ एप्रिल २०२१ रोजी जिल्ह्याने अनुभवले. त्या दिवशी नागझिरा परिसरात लागलेला वणवा विझविताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. दोन जण गंभीर जखमी झाले. वणव्याशी सर्वांत पुढे उभा राहणारा माणूस हा बहुतेक वेळा रोजंदारीवरील, हंगामापुरता नेमलेला असतो. त्याचे प्रशिक्षण, त्याचे बूट, त्याची पाण्याची बाटली आणि त्याचा विमा ही सारी ‘आवर्ती’ सदरातील बाब असते.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून मानला जातो. त्यापूर्वी जाळरेषा कापून, त्यातील पालापाचोळा जाळून तयार ठेवणे आवश्यक असते. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. वार्षिक कृती आराखडा मंजूर होणे, पहिला हप्ता मिळणे, त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठविणे आणि मग दुसरा हप्ता येणे, या क्रमात महिने निघून जातात. जंगलातील कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो. कागदावरील वर्ष आणि जंगलातील वर्ष यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पाणवठे भरावयाचे असतात आणि आग विझवावयाची असते, तेव्हाच जुने वर्ष संपून नव्या वर्षाच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. अधिवास संवर्धनात निधीच्या रकमेइतकाच निधीच्या वेळेलाही अर्थ आहे, तो यासाठी.

रेषेबाहेरचे जंगल

नागझिरात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये शंभरावर किलोमीटरचे अंतर कापून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. त्याच्यामुळे ते नवे अभयारण्य देशभर प्रसिद्ध झाले आणि पवनी परिसरात पर्यटन वाढले. एप्रिल २०१६ मध्ये जय बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा शोध लागला नाही. तो ज्या वाटेने आला, ती वाट कोणत्याही एका अभयारण्यात नव्हती. महामंडळाचे जंगल, महसूलचे झुडूप, शेताचे बांध, नदीनाले आणि रस्ते ओलांडून तो आला. या वाटेला संचारमार्ग म्हणतात. तो तुटला, तर नागझिरा हे एक बेट होईल, आणि बेटावरील वाघ रक्तसंबंधातील प्रजननामुळे कालांतराने दुबळे होतील.

संचारमार्गातील जंगलाला व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राइतका निधी मिळत नाही. तेथील महामंडळाचे मूळ काम लाकूड उत्पादनाचे. प्रादेशिक विभागाच्या जबाबदाऱ्या अनेक, आणि मनुष्यबळ अपुरे. या जंगलाकडे पैसा येतो तो बहुतेकदा एखादा रस्ता किंवा कालवा त्यातून जाण्याचे ठरल्यावरच. नागपूर-रायपूर मार्गावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३, नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून जातो. गोसेखुर्द प्रकल्पाचे कालवेही वन्यप्राण्यांच्या वाटा ओलांडतात. अशा वेळी भुयारी मार्ग, उन्नत रस्ता, कालव्यावरील पूल यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असे नऊ मार्ग बांधण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी त्याखालून जाताना टिपले गेले. म्हणजे उपाय आहे, आणि तो चालतोही. मात्र भुयारी मार्गाच्या दोन्ही तोंडांशी जंगल टिकले, तरच त्याचा उपयोग. मार्ग बांधण्यास पैसा आहे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे झुडपी जंगल राखण्यास स्वतंत्र तरतूद नाही, ही खरी अडचण आहे.

तलाव कोणाचे, सारस कोणाचा?

जिल्ह्यातील सर्वाधिक दुर्लक्षित सार्वजनिक अधिवास कोणता, असे विचारल्यास मालगुजारी तलाव हेच उत्तर द्यावे लागेल. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले हे तलाव पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारोंच्या संख्येने आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे, आणि काठावरील पक्षी वन विभागाकडे, अशी वाटणी झाली. तलाव एक आणि खाती चार. दुरुस्तीची जबाबदारी प्रत्येकाची, म्हणजे कोणाचीच नाही.

याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर सारस क्रौंच जगतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांतच प्रामुख्याने उरला आहे. गोंदियातील सेवा या संस्थेचे कार्यकर्ते आणि वन विभाग दरवर्षी सारसगणना करतात. भंडारा जिल्ह्यातील सारसांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकी कमी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर शासकीय यंत्रणा हलली.

निधीच्या दृष्टीने मात्र सारस अडचणीत आहे. केंद्राच्या योजनेत संकटग्रस्त प्रजातींसाठी स्वतंत्र पुनरुज्जीवन कार्यक्रम आहे. त्यातील २२ प्रजातींच्या यादीत माळढोक आहे, गिधाडे आहेत, रानम्हैस आहे, सारस नाही. पाणथळ जागांसाठीचे २०१७ चे नियम पाहावेत, तर सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. मालगुजारी तलाव सिंचनासाठीच बांधलेले. म्हणजे ज्या तलावावर तीनशे वर्षे पक्षी येत आहेत, तो नियमाच्या भाषेत पाणथळ जागाच ठरत नाही. सारस राहतो अभयारण्याबाहेर, म्हणून व्याघ्र प्रकल्पाचा पैसाही त्याच्यापर्यंत येत नाही.

तलावांवर पैसा खर्च झालाच नाही, असे नव्हे. रोजगार हमीच्या कामांतून आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवारसारख्या योजनांतून गाळ काढला गेला. पाणीसाठा वाढावा, हा त्यामागील हेतू योग्यच. पण यंत्राने सरसकट खोल खणलेला तलाव हा पाण्याची टाकी होतो. त्यात अधिवास उरत नाही. मूळ तलावाला उथळ काठ, मध्यम खोलीचा भाग आणि खोल डोह असे टप्पे असतात. उथळ भागात देवधान, कमळ, पोयनी आणि पाणगवत वाढते. त्यात मासे अंडी घालतात आणि पक्षी घरटी करतात. तो भाग खणून टाकला किंवा त्यावर बेशरमचे रान माजले, की मासेही जातात आणि पक्षीही.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने याबाबत वेगळा मार्ग दाखविला. ढिवर समाजातील जाणत्या मच्छीमारांकडून पाणवनस्पती आणि माशांची माहिती मिळवून, महिलांच्या आणि मच्छीमार संस्थांच्या मदतीने तलावांतील बेशरम काढण्यात आली. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून त्यात स्थानिक पाणवनस्पती लावण्यात आल्या. स्थानिक जातीचे मासे पुन्हा सोडण्यात आले. काही वर्षांत मासळी वाढली आणि पक्षीही परतले. या कामाला लागले ते नांगर, मजुरी आणि जाणकारांचा सल्ला. धरणाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे. परंतु अशा कामासाठी शासनाच्या कोणत्या लेखाशीर्षातून पैसा द्यावा, याचे सरळ उत्तर अद्याप मिळत नाही.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत १९३७ मध्ये संमत झालेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसांवरील कराची रक्कम वन्यजीवांसाठी राखून ठेवली जाते. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. राज्ये कामाच्या खर्चाचा एक चतुर्थांश वाटा उचलतात, उरलेला या निधीतून मिळतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९३४ पासून एक तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्या विक्रीतून पाणथळ जमिनी राखल्या जातात. आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. त्यामुळे त्या पद्धतीची नक्कल येथे करता येणार नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच. तेथील निधी दरवर्षी येतो, तो कायद्याने बांधलेला आहे, आणि अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर किंवा जंगल तुटण्यावर तो अवलंबून नाही.

जिल्ह्यात करता येण्यासारखे

मर्यादित पैसा प्रथम गाभा क्षेत्रावरच खर्च व्हावा, असे मत वन प्रशासनात मांडले जाते. त्यात तथ्य आहे. वाघाच्या प्रजननाची जागा सुरक्षित राहिली नाही, तर संचारमार्ग राखून उपयोग नाही. पण याचा अर्थ रेषेबाहेर काहीच नको, असा होत नाही. पुढील काही गोष्टी नवा कायदा न करताही शक्य आहेत.

कॅम्पाच्या नियमांत अधिवास सुधारणा आणि वणवा नियंत्रण ही कामे बसतात. राज्याच्या वार्षिक कृती आराखड्यात भंडारा-गोंदियाच्या संचारमार्गासाठी आणि कुरणांसाठी किमान पाच वर्षांचा सलग कार्यक्रम मांडता येईल. ज्या प्रकल्पामुळे या जिल्ह्यातील जंगल गेले, त्याच्या मोबदल्यातील अधिवासाचा खर्च याच परिसरात व्हावा, असा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरण्यास हरकत नाही.

वनहक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. कॅम्पाच्या नियमांतही ग्रामसभांशी विचारविनिमयाची तरतूद आहे. अनेकदा तो कागदोपत्री उरकला जातो. ज्या गावाच्या चराईच्या जमिनीवर रोपवन उभे राहते, त्या गावाला कुंपण लागल्यावरच त्याची माहिती मिळत असेल, तर ते रोपवन टिकत नाही. उलट कुरण, मोहफूल, तेंदूपत्ता आणि वणवा यांचे नियोजन गावाने केले, तर आग लागण्याचे प्रसंगच कमी होतात.

तलावांसाठी जिल्हा नियोजन समितीने एक छोटे स्वतंत्र शीर्ष ठेवावे. जिल्हा परिषद, पाटबंधारे, वन आणि मत्स्यव्यवसाय ही चारही खाती त्यात असावीत, आणि गाळ काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात उथळ काठ राखण्याची अट घालावी. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी स्थापन झालेल्या समित्यांकडे या कामाची देखरेख देता येईल. महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी १७२ कोटींहून अधिक रकमेची मान्यता दिली. स्थानिक वाण, मासे आणि गवते जपणे, हा अशा प्रकल्पांचा विषय होऊ शकतो, हे त्यातून मान्य झाले आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत सारसाचे घरटे असेल, त्याच्या धानाच्या नुकसानीची भरपाई विनाविलंब मिळाली पाहिजे.

आणि हंगामी वनमजुरांचा विमा, साधने व वेळेवर मजुरी यांची सोय १५ फेब्रुवारीपूर्वी झालीच पाहिजे. २०२१ ची घटना पुन्हा घडू नये, याहून मोठे कारण त्यासाठी द्यावे लागू नये.

अखेरची गोष्ट हिशेबाची. रस्त्याच्या कामावर अंदाजपत्रकाचा फलक लावण्याची पद्धत आहे. कुरण, पाणवठा, रोपवन किंवा तलाव यांवर किती निधी आला, किती मजुरी वाटली गेली आणि तीन वर्षांनंतर तेथे काय उरले, याचा फलक ग्रामपंचायतीत लागला, तर जंगलाचा पैसा लोकांच्या नजरेखाली येईल. ही जमीन सार्वजनिक आहे, पैसाही सार्वजनिक आहे. त्याचा हिशेब विचारण्याचा पहिला हक्क कोका, पिटेझरी आणि पवनी परिसरातील गावांचा आहे. तो त्यांनी येत्या ग्रामसभेपासूनच बजावावयास हवा.